खवल्यांचे पोते आणि पंचनाम्याचे पान

कोकणातील एका तालुका न्यायालयात शिपायाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोरच्या टेबलावर तागाचे एक पोते आणून ठेवले, तेव्हा मी वकिलांच्या मागील बाकावर बसले होते. पोत्याच्या तोंडाशी सुतळी आवळलेली होती, सुतळीवरील लाखेचा निम्मा तुकडा गळून पडला होता आणि पंचांच्या सह्यांची कागदी चिठ्ठी ओलीने इतकी पुसट झाली होती की, त्या सह्या कोणाच्या हे कोणालाच सांगता आले नसते. आत खवले मांजराचे खवले होते. ते टेबलावर ओतले गेले तेव्हा कोरडे शिंपले एकमेकांवर घासल्यासारखा आवाज झाला. फिकट तपकिरी, मुळाशी बारीक रेघा असलेले, टोकाला झिजलेले खवले होते ते, आणि काहींच्या मुळाशी वाळलेल्या कातडीचा काळपट पापुद्रा अजून चिकटून होता. मुंगळे आणि वाळवी खाऊन जगणारा, दात नसलेला, संकट आले की अंगाचे वेटोळे करून निपचित पडणारा तो प्राणी मी रानात एकदाच पाहिला आहे. त्याचे उरलेसुरले सारे त्या टेबलावर पसरलेले होते.

बचाव पक्षाच्या वकिलांनी साक्ष देणाऱ्या वनपालांना फार प्रश्न विचारले नाहीत. पंचनाम्यात वजन किती लिहिले आहे? तीन किलो दोनशे ग्रॅम. प्रयोगशाळेकडे नमुना पाठवताना जोडलेल्या पत्रात एकूण मुद्देमालाचे वजन किती आहे? दोन किलो नऊशे ग्रॅम. मग मधले तीनशे ग्रॅम कुठे गेले? वनपाल गप्प राहिले. तो खटला पुढे आणखी काही तारखा चालला आणि आरोपींना संशयाचा फायदा मिळाला.

व्हरांड्यात ते वनपाल मला म्हणाले, “मॅडम, रात्री अकराला वाण्याचं दुकान उघडायला लावून काटा आणला होता. पोत्यासकट वजन केलं. नंतर कार्यालयात पोतं बदललं, तेव्हा नुसत्या खवल्यांचं केलं.” त्यांचे म्हणणे खरे असावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु पोते बदलल्याची नोंद कोठेही नव्हती, आणि जे कागदावर नाही ते न्यायालयाने मानावे तरी कसे?

मी कायद्याची पदवी घेतली आहे, पण वकिली करत नाही. वन्यजीव गुन्ह्यांच्या खटल्यांच्या फायली मिळवणे, त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणे आणि खटला नेमका कोणत्या पानावर पडला हे शोधणे, असे माझे काम गेली काही वर्षे चालू आहे. वन्यजीव व्यापाराचा अभ्यास म्हटले की, लोकांच्या डोळ्यांसमोर जंगलातील छुपे कॅमेरे आणि पाठलाग येतो. माझा बहुतेक अभ्यास न्यायालयाच्या नकला विभागातील खिडकीसमोर रांगेत उभे राहून झाला आहे. त्यातून जे एक मत पक्के झाले, ते येथे मांडते. आपल्याकडे वन्यजीवांचे गुन्हेगार सुटतात ते कायदा मऊ आहे म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा ते जप्तीनंतरच्या पहिल्या चार तासांत लिहिलेल्या कागदांमुळे सुटतात.

कायदा खरोखर मऊ नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा आहे. त्याच्या पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतील, प्राण्याच्या शिकारीला किंवा व्यापाराला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, सहा अनुसूचींच्या चार झाल्या आणि दंड वाढला. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासाठी किमान दंड दहा हजारांवरून पंचवीस हजार झाला. याहून महत्त्वाचे आहे कलम ५७. एखाद्याच्या ताब्यात वन्यप्राणी किंवा त्याचे अवयव होते हे एकदा सिद्ध झाले की, तो ताबा बेकायदा आहे असे न्यायालय गृहीत धरते आणि तसा तो नाही हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर जाते. सामान्य फौजदारी खटल्यात सरकारी वकिलाला जो डोंगर चढावा लागतो, त्यातला निम्मा येथे कायद्यानेच कमी केला आहे. उरलेला निम्मा म्हणजे ‘ताबा’: ही वस्तू, या माणसाकडे, या ठिकाणी, या वेळी होती आणि आज न्यायालयात आहे तीच ती वस्तू आहे. हे सिद्ध करण्याचे साधन पंचनामा. तोच डगमगला की कलम ५७ पर्यंत पोहोचण्याची वेळच येत नाही.

खवले मांजराविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण हा आपल्या घरामागच्या डोंगरातला प्राणी आहे. जोहान्सबर्ग येथे २०१६ साली झालेल्या साइट्स (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) परिषदेत खवले मांजराच्या आठही जाती परिशिष्ट एकमध्ये घेतल्या गेल्या आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. चीनने २०२० साली या प्राण्याला सर्वोच्च संरक्षण दिले आणि आपल्या औषधकोशातून खवल्यांची स्वतंत्र नोंद काढली. खवला हा केराटिनचा, म्हणजे आपली नखे ज्याची बनतात त्याच पदार्थाचा. तरीही व्यापार थांबलेला नाही. वन्यजीव व्यापारावर नजर ठेवणारी ‘ट्रॅफिक’ ही संस्था आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांच्या संकलनानुसार २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत भारतात ३४२ जप्तींमध्ये १,२०३ खवले मांजरे सापडली. ओडिशात सर्वाधिक ७४ घटना, त्याखालोखाल महाराष्ट्रात ४७ घटना आणि त्यांत १३५ प्राणी. निम्म्याहून अधिक घटनांत प्राणी जिवंत होता. हे वाचून मला फार वाईट वाटले आणि थोडी आशाही वाटली, कारण जिवंत प्राणी पकडला जातो तेव्हा साखळी अजून गावाच्या जवळ असते. पोत्यात भरलेले खवले पकडले जातात तेव्हा ती केव्हाच पुढे सरकलेली असते.

या आकड्यांचा अर्थ लावताना मात्र सावध राहावे लागते. जप्तीची संख्या ही व्यापाराची संख्या नसते. एखाद्या जिल्ह्यात स्थानिक गुन्हे शाखेचा एखादा उत्साही अधिकारी येतो, त्याचे खबरे चांगले असतात, दोन वर्षांत सात-आठ कारवाया होतात आणि तो जिल्हा नकाशावर लाल दिसू लागतो. त्याची बदली होते आणि जिल्हा पुन्हा हिरवा होतो. व्यापार तितकाच राहिलेला असतो. शेजारच्या ज्या राज्यात एकही जप्ती नाही तेथे एकही शिकार नाही, असा निष्कर्ष काढणारे सादरीकरण मी स्वतः पाहिले आहे. म्हणून मी जप्तीच्या आकड्यांसोबत दुसरे दोन आकडे शोधते: किती प्रकरणांत तक्रार वेळेत न्यायालयात दाखल झाली, आणि किती प्रकरणांत निकाल लागला. हे दोन आकडे मिळवणे फार कठीण आहे. ते कोणी लपवते असे नाही. एकाच ठिकाणी नोंदलेले ते नसतातच. अटकेची बातमी पहिल्या पानावर येते आणि निर्दोष सुटल्याची बातमी कोठेच येत नाही.

बातम्यांचा विषय निघाला आहे तर मांडुळाबद्दल सविस्तर लिहिते, कारण महाराष्ट्रात वन्यजीव गुन्ह्याचे सर्वांत परिचित रूप तेच आहे. मांडूळ हा निरुपद्रवी, बिनविषारी, जाडसर साप. शेताच्या भुसभुशीत मातीत राहतो, उंदीर खातो, अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देतो. त्याची शेपटी डोक्यासारखी बोथट असते, म्हणून तो दुतोंड्या. सहा महिने या तोंडाने चालतो आणि सहा महिने त्या तोंडाने, असे आम्ही लहानपणी ऐकलेले. शेतकऱ्याच्या या मित्राला गुप्तधनाशी जोडले गेले आणि त्याच्या नावाने असा एक बाजार उभा राहिला, ज्यात भाव आहे पण उपयोग नाही. डब्ल्यूसीएस-इंडिया या संस्थेने २०१६ ते २०२१ या काळातील बातम्यांवरून केलेल्या संकलनात मांडुळाच्या जप्तीच्या १७२ घटना आहेत आणि त्यांतील ५९ एकट्या महाराष्ट्रातील आहेत. वजनावर किंमत ठरते म्हणून सापाच्या पोटात धातूच्या गोळ्या भरण्यापर्यंत या लोकांची मजल जाते.

मी वाचलेल्या मांडुळाच्या फायलींत एक गोष्ट पुन:पुन्हा आढळते. साप पकडणारा सापडतो, त्याला गावातून शहरात आणणारा सापडतो, मध्यस्थ सापडतात, कधी एकाच गाडीत पाच-सहा जण सापडतात. पण शेवटचा खरा ग्राहक मला एकाही फायलीत सापडलेला नाही. बहुतेक वेळा ‘ग्राहक’ म्हणून उभा असतो तो पोलिसांनी पाठवलेला बनावट ग्राहक. त्याआधीच्या प्रत्येक कडीला वाटत असते की, पुढे कोणीतरी मोठी रक्कम घेऊन बसला आहे. ही समजूत येते कुठून? ती काही अंशी आपल्या वर्तमानपत्रांतून येते, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘इतक्या लाखांचे मांडूळ जप्त’ असा मथळा छापला जातो, ती किंमत पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात असते, आणि प्रसिद्धिपत्रकात ती आरोपींच्याच तोंडून आलेली असते. म्हणजे फसवणाऱ्याने सांगितलेला भाव शासकीय शिक्का लागून गावोगाव पोहोचतो, आणि दुष्काळी पट्ट्यात कर्जात बुडालेला एखादा तरुण रात्री बॅटरी घेऊन बांधावर साप शोधू लागतो. म्हणूनच मी माझ्या लेखनात कोणत्याही प्राण्याचा भाव कधीही देत नाही, आणि पत्रकार मित्रांनाही तीच विनंती करते. किंमत न छापता बातमी पूर्ण होते.

जिवंत मुद्देमालाची अडचण आणखी वेगळी. खवले किंवा कातडे कपाटात ठेवता येते, साप ठेवता येत नाही. एका फायलीत मांडूळ पिण्याच्या पाण्याच्या प्लास्टिकच्या पिंपात ठेवल्याची नोंद होती आणि त्यानंतर अकरा दिवस त्याच्याविषयी एकही ओळ नव्हती. नंतर थेट ‘निसर्गात मुक्त करण्यात आले’ असे वाक्य होते. कुठे मुक्त केले, कोणाच्या आदेशाने, कोणासमोर, सोडण्यापूर्वी त्याची लांबी-वजन आणि छायाचित्रे घेतली का, पशुवैद्यकाने पाहिले का, यांपैकी काहीही नव्हते. अशा खटल्यात आरोपीच्या वकिलाने ‘तो साप मांडूळच होता कशावरून?’ असे विचारले, तर उत्तर देण्यासाठी साप नाही आणि कागदही नाही. प्राण्याला अडकवून ठेवावे, असे मी मुळीच म्हणत नाही. त्याला लवकरात लवकर त्याच्या मूळ अधिवासात सोडलेच पाहिजे, आणि शक्य तर जेथून आणला तेथेच. परंतु न्यायदंडाधिकाऱ्यांकडून परवानगीचा आदेश, मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेली छायाचित्रे, ओळख पटवणाऱ्या जाणकाराचा लेखी अभिप्राय आणि मुक्ततेचा वेगळा पंचनामा, इतके कागद एका दिवसात होतात. काही वनपरिक्षेत्र अधिकारी ते एका दिवसात करतात, हे मी पाहिले आहे.

ओळख पटवण्याचा प्रश्न केवळ जिवंत प्राण्यांपुरता नाही. पूजेच्या साहित्यात ‘हत्थाजोडी’ नावाने एक वस्तू विकली जाते. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी ती दुर्मीळ वनस्पतीची मुळी आहे, असे सांगतात. २०१७ साली संशोधकांनी उघड केले की, ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या या ‘मुळ्या’ प्रत्यक्षात नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रिये आहेत. तान्हाजीच्या कथेतून ज्या प्राण्याचे नाव आपल्या घराघरांत पोहोचले, तो असा कापून डबीत भरला जातो आणि तिजोरीत ठेवला जातो. वास्तुदोषावरचा उपाय म्हणून चौकटीत मढवलेले ‘इंद्रजाल’ म्हणजे समुद्राच्या तळाशी वाढणारे काळे प्रवाळ किंवा समुद्रपंखा, आणि हे दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानदाराला यातले खरोखर माहीत नसू शकते. तपास अधिकाऱ्यालाही माहीत नसू शकते, आणि तेथे प्रकरण अडते. याउलट, वाघनखे म्हणून जप्त झालेला माल अनेकदा गुरांच्या शिंगांपासून किंवा हाडांपासून घडवलेला निघतो. तो गुन्हा फसवणुकीचा ठरतो, वन्यजीवांचा नव्हे. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्र संशोधन केंद्राची प्रयोगशाळा, पुण्यात आकुर्डीला असलेले प्राणी सर्वेक्षण विभागाचे केंद्र अशा ठिकाणांहून अभिप्राय मिळतो. पण नमुना कसा घेतला, कशात ठेवला, कोणाच्या हाती पाठवला याची अखंड साखळी नसेल तर डीएनएचा अहवालसुद्धा कोरड्या कागदासारखा बाजूला पडतो.

आता पोलीस आणि वनविभाग यांच्यातील सांध्याविषयी. महाराष्ट्रात अनेक जप्त्या पोलीस करतात आणि त्या उत्तम करतात. मात्र या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार न्यायालय दखल घेते ती प्राधिकृत अधिकाऱ्याने केलेल्या तक्रारीवर. पोलिसांचे दोषारोपपत्र एवढ्याने भागत नाही. म्हणजे पोलिसांनी पकडलेले प्रकरण वेळेत वनविभागाकडे गेले पाहिजे. त्यातच कलम ५० च्या पोटकलम आठनुसार सहायक वनसंरक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकृत अधिकारी आरोपीच्या उपस्थितीत साक्षपुरावा नोंदवू शकतो आणि तो पुढे खटल्यात ग्राह्य धरला जाऊ शकतो. इतका अधिकार कायद्याने दिला आहे, तरी माझ्या वाचनातील बऱ्याच फायलींत तो वापरलेलाच नाही. जबाब वनपालाने घेतला, खाली सहायक वनसंरक्षकांची सही नंतर आली, तारीख मागेपुढे झाली. अशा सह्यांवर उलटतपासणीत पाच मिनिटे पुरतात. याच कलम ५५ मध्ये आणखी एक दार आहे, जे फार कमी लोकांना ठाऊक असते: साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही थेट न्यायालयात तक्रार करू शकतो.

मोबाइलमधील पुरावा हा आजच्या प्रकरणांचा कणा आहे. व्यवहार व्हॉट्सअॅपवर ठरतात, सापाचे वजन दाखवणारी चित्रफीत पाठवली जाते, ठिकाण नकाशावर टाकले जाते. तपास अधिकारी हे सारे पाहतो, त्याच्या छापील प्रती फायलीला लावतो आणि निश्चिंत होतो. येथे जालन्याचा एक निकाल मला आठवतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले होते की नाही, यावरून वाद उभा राहिला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरण हा पुरावा होता आणि ती प्रत कोणत्या यंत्रातून, कशी निघाली हे सांगणारे, त्याला जोडायचे प्रमाणपत्र मात्र मागूनही मिळत नव्हते. ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खालील प्रमाणपत्र आवश्यक आहे. आता ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. निवडणुकीच्या भांडणातून निघालेला हा निकाल आज मांडुळाच्या आणि खवले मांजराच्या खटल्यांत रोज कामाला येतो, आणि ते एका पानाचे प्रमाणपत्र नसल्याने संभाषणांच्या शेकडो पानांचा उपयोग होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने पोलिसांच्या झडती-जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण बंधनकारक केले. वनविभागाने ही सवय मनापासून अंगीकारावी, असे मला वाटते, कारण पंच फितूर झाले तरी चित्रीकरण फितूर होत नाही.

वाघांच्या प्रकरणांत हे काम किती दूरवर नेता येते, ते दिसले आहे. राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पातील वाघ संपल्याचे २००५ साली उघड झाल्यानंतर जे बदल झाले, त्यांत केंद्रीय वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाची २००७ मधील स्थापना मोठी होती. त्याआधी २००३ साली राजस्थानात भीलवाडा येथे चेतक एक्स्प्रेसमधील एका प्रवाशाच्या खोक्यात बिबट्याची कातडी सापडली होती. त्या एका खोक्यावरून संसारचंद या कुख्यात वन्यजीव तस्करापर्यंत दोरी गेली, आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. आपल्याकडे मेळघाटात २०१३ च्या सुमारास वाघांच्या शिकारी उघड झाल्यावर व्याघ्र प्रकल्पाने स्वतःचा वन्यजीव गुन्हे कक्ष उभा केला, जेथे दूरध्वनीच्या नोंदी तपासणे हे रोजचे काम झाले. जानेवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा परिसरात झालेल्या अटकेनंतर तपास मेघालयापर्यंत आणि सीमेपलीकडे म्यानमारच्या दिशेने गेला. त्यात पैशांच्या देवाणघेवाणीचा माग काढला गेला, ही मला सर्वांत समाधानाची बाब वाटली. सापळा लावणाऱ्या माणसाच्या हाती या व्यवहारातले फार थोडे पडते. बाकीचे कोणाच्या खात्यावर गेले, हे विचारले नाही तर तीच मागणी दुसऱ्या माणसाच्या हातात दुसरा सापळा देते.

याला जोडून एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. शिकारीच्या बातम्यांत काही जमातींची नावे अशी घेतली जातात, जणू जमातच आरोपी आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्या ३१ ऑगस्ट १९५२ रोजी विमुक्त झाल्या, पण तपासाच्या पद्धतीतून तो ठसा पुसलेला नाही. वाघ मेला की तांड्यावर आणि पालांवर धाड पडते, बायकामुलांना चौक्यांवर बसवले जाते, आणि ज्याच्या खात्यावर पैसे आले त्या शहरातील व्यापाऱ्याकडे कोणी लगेच जात नाही. हे अन्यायाचे आहे, आणि तपासाच्या दृष्टीनेही तोट्याचे आहे. रान ज्यांना सर्वांत जास्त कळते, त्यांनाच आपण कायमचे विरोधात ढकलतो. मी वाचलेल्या चांगल्या तपासांत माहिती देणारा माणूस बहुधा त्याच वस्त्यांतला होता, आणि कोणीतरी त्याच्याशी आधी वर्षानुवर्षे माणसासारखे वागलेले होते. रत्नागिरी जिल्ह्यातील डुगवे गावात २०२० साली खवले मांजराची पालखी काढून ‘खवलोत्सव’ साजरा झाला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला सोबत घेतले म्हणून ते घडले. ज्या गावाने प्राण्याची पालखी खांद्यावर घेतली, तेथे शिकाऱ्याची खबर वनरक्षकाला मिळणे किती सोपे होत असेल, याचा विचार मी अनेकदा करते.

शिक्षा आणखी वाढवा, जामीन बंद करा, फाशी द्या, असे मला अनेक जण कळकळीने म्हणतात. त्यांची कळकळ मला समजते. परंतु ज्या खटल्यात वजनच जुळत नाही, तेथे तीन वर्षे काय आणि तीस वर्षे काय, आरोपीच्या दृष्टीने सारखेच. मी मागते ते फार साधे आहे. प्रत्येक वनपरिक्षेत्रात वजनमापे विभागाने प्रमाणित केलेला, बॅटरीवर चालणारा एक काटा असावा. सीलबंद करण्याच्या पिशव्या, क्रमांकित चिठ्ठ्या आणि लाख-मोहोर असावी. पंच म्हणून तेच तेच दोन ओळखीचे लोक पुन:पुन्हा आणले जाऊ नयेत. प्रत्येक जिल्ह्यात या विषयाची माहिती असलेला एक सरकारी वकील नेमला जावा, आणि वनपालाने तक्रार दाखल होण्याआधी त्याला फाइल दाखवावी, म्हणजे चूक दुरुस्त करण्यासारखी असताना सापडेल. आणि रात्री दोन वाजता घाटात गाडी अडवणाऱ्या वनरक्षकाला पंचनामा लिहायला शिकवले जावे, कारण भरतीनंतरच्या प्रशिक्षणात त्याने रोपवाटिका, वणवा, हद्दीचे बुरूज असे पुष्कळ शिकलेले असते, पण साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहायला त्याला कोणी शिकवलेले नसते.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका प्रशिक्षणासाठी मला बोलावले होते. संध्याकाळी दिवे मालवून, आवारात उभ्या केलेल्या जीपच्या मागच्या आसनाखाली आम्ही चिंचोक्यांचे एक पोते ठेवले. चिंचोके म्हणजे खवले, असे धरून चालायचे होते. पाच-पाच जणांच्या तुकड्या करून प्रत्येकीने झडती घ्यायची, जप्ती करायची आणि टॉर्चच्या उजेडात पंचनामा लिहायचा. पहिल्या तीन तुकड्यांनी पोत्यासकट वजन लिहिले. चौथ्या तुकडीत जेमतेम दोन वर्षे नोकरी झालेली एक वनरक्षक होती. तिने गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहायला सुरुवात केली, मग थांबली, सहकाऱ्याला चिंचोके ताडपत्रीवर ओतायला सांगितले आणि माझ्याकडे वळून विचारले, “मॅडम, काट्याचा नंबर आधी लिहायचा की वजन?” मी म्हटले, आधी काटा. तिने काट्याचा क्रमांक लिहिला, वेळ लिहिली, चिंचोक्यांचे वजन लिहिले, आणि मग कोणी न सांगता रिकामे पोते काट्याला लावून त्याचेही वजन वेगळ्या ओळीत लिहिले.